शेताची दाढी

राजापेठेतल्या एका क्लासमध्ये मी बावीस वर्षांपासून जीवशास्त्र शिकवतो. बारावीच्या पुस्तकात जैवविविधतेचा पाठ शेवटी येतो. तोवर मुलं थकलेली असतात, खाली रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट असतो आणि मलाही घाई असते. हा पाठ मी दोन तासांत उरकायचो. फळ्यावर लिहायचो: ज्या परिसंस्थेत सजीवांच्या जाती जास्त, ती धक्का बसला तरी लवकर सावरते. यावर प्रश्न येतो, लिहून घ्या, असंही सांगायचो. मुलं लिहून घ्यायची. मुलांना पाठ करायला लावलेलं हे वाक्य मला स्वतःला किती वर्षं कळलेलं नव्हतं, ते मी इथे लिहितो आहे. माझ्या मोठ्या भावाची संत्र्याची बाग गेली. ती माझ्यामुळे गेली आणि ते मी त्याला वेळेवर सांगितलं नाही.

आमचं वावर चांदूर बाजारपासून सात-आठ किलोमीटरवर आहे. वडिलांनंतर ते दादानेच पाहिलं. मी शिकलो, शहरात राहिलो, सणावाराला आणि संत्रा तोडणीला जात राहिलो. बाग दादाने लावली होती. साडेतीनशे झाडं, मधे काही मोसंबी, काही लिंबं, कोपऱ्यात दोन पेरू. झाडाच्या खोडावर हात ठेवून तो सांगायचा की याला पाणी पाहिजे, याला आठ दिवस नको. कसं ओळखतोस म्हटलं की म्हणायचा, "हाताले समजते. तुह्या पुस्तकात नसंन ते." गावात कोणाचं झाड बिघडलं की लोक दादाला बोलवायला यायचे.

बाग आणि नाला यांच्या मधे आमचा धुरा होता. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. हा चांगला बारा-पंधरा हात रुंद होता आणि कोणी मुद्दाम लावलेला नव्हता. बोरी, हिवर, दोन पळस, निर्गुडी, तरवड, घाणेरी, खाली नाना तऱ्हेचं गवत आणि मधे कमरेएवढं वारूळ. पावसाळ्यात वहिनी तिथून तरोट्याची भाजी आणि कटुले आणायच्या. मला ते सगळं झुडूप एकच दिसायचं. जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला त्यातली दहा नावंसुद्धा सलग सांगता आली नसती.

सहा-सात वर्षांपूर्वी संत्रा तोडणीच्या थोडं आधी मी क्लासमधल्या मास्तरांना वावरात जेवायला नेलं होतं. वांग्याची भाजी, भाकरी, झाडाखाली सतरंजी. रसायनशास्त्र शिकवणारा आमचा एक मित्र हात धुवायला नाल्याकडे गेला आणि पँटीला कुसळं लावून परत आला. म्हणाला, "सर, तुमच्या वावराले दाढी वाढून राहिली गा! एखांद्या दिवशी न्हाव्याकडं न्या त्याले."

सगळे हसले. मीही हसलो. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "राहू द्या दाढी. त्याच्यातच तं आमाले कटुले भेटते."

पुन्हा हसू झालं. ते निर्मळ होतं, कोणाच्या मनात काही नव्हतं. पण मला आतून लाज वाटली. आपली वहिनी झुडपात भाजी शोधते, हे शहरातल्या चार माणसांना कळलं याची लाज. तेवढ्यावरून मी दादाच्या मागे लागलो.

दादा आधी नाहीच म्हणाला. "कायले काढतं? कोणाचं काय खाऊन राहिलं ते?"

मी कारणं दिली. साप निघतात. दोन तास जास्त लावता येतील, म्हणजे झाडांच्या दोन रांगा. ठिबकची नळी सरळ टाकता येईल. शेवटी म्हणालो, "किडीचं घर आहे ते, दादा. सगळी कीड तिथंच लपते न् बागेत येते. शास्त्र आहे ते."

शास्त्र हा शब्द मी वापरला. झुडपात काही कीड राहते, एवढं खरं होतं. त्याच झुडपात त्या किडीला खाणारेही राहतात, हे मी दरवर्षी मुलांना आकृती काढून शिकवत होतो. त्या दिवशी ते मला आठवलं नाही असं म्हणणं सोपं आहे. खरं असं की मला ते आठवायचं नव्हतं.

दादाने एकदा धुऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू शिकलेला माणूस. तू म्हणतं तं करू."

उभ्या आयुष्यात दादाने माझ्या शिक्षणावर विसंबून केलेली ही एकच गोष्ट.

जेसीबीचं काम दीड दिवसात झालं. वारूळ फुटलं तेव्हा लाल मातीसारखा थर जमिनीवर हलत होता, त्या मुंग्या होत्या. एक घोरपड निघाली आणि नाला ओलांडून पलीकडे गेली. पलीकडचं वावर एका निवृत्त पोस्टमनकाकांचं. नोकरी संपल्यावर त्यांनी बाग लावली होती. सकाळी बागेत आणि संध्याकाळी वस्तीतल्या विहाराच्या कामात असायचे. ते काठावर उभे राहून पाहत होते.

"काय सर, दाढी केली म्हणता. मिशी कवा काढता?"

वहिनींचं दाढीवरचं बोलणं तोवर गावभर झालं होतं. मी म्हणालो, "काका, तुमचाही धुरा काढून घ्या ना. मशीन आलीच आहे."

"नाही बाप्पा. माह्या धुऱ्यावर एक घोरपड हाये. आता तुमची बी इकडंच आली. दोघी जावा-जावा राहतीन सुखानं."

आमच्या बाजूने नाल्याला लागून आणखी सहा जणांची वावरं होती. त्यांनी काकांचं ऐकलं नाही, माझं ऐकलं. मास्तरानं केलं म्हणजे त्यात काहीतरी असेल, असं म्हणत एकेकाने आपला धुरा काढला. पुढच्या उन्हाळ्यात पुलापासून वळणापर्यंत नाल्याचा आमचा काठ तळहातासारखा साफ झाला. फुटवे आले की तणनाशक मारायचं, हेही मीच सांगितलं. त्या स्वच्छ काठाचा मी फोटो काढला होता. क्लासच्या ग्रुपवर टाकला. दाढी केल्याबद्दल रसायनवाल्या मित्राने टाळ्या पाठवल्या.

पहिल्या वर्षी काहीच झालं नाही. उलट बाग मोकळी, उजेडाची वाटली. नवीन दोन रांगा लागल्या. हे पहिलं वर्षच माणसाला फसवतं. तोडलेल्या गोष्टीची उणीव लगेच दिसत नाही, कारण चांगल्या वर्षात तिची गरजच पडत नाही.

संत्र्याला बहार यावा म्हणून आम्ही त्याला ताण देतो. हिवाळ्यात पाणी तोडायचं. झाड उपाशी राहतं, पानं मलूल होतात, खालची काही गळतात. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरतं. ताण किती द्यायचा, कधी तोडायचा, यातच बागवानाचं कसब. पण ताणाच्या त्या महिना-सव्वा महिन्यात नुसतं झाडच उपाशी नसतं. बागेत राहणारे किडे, कोळी, पाखरं, सगळ्यांचं खाणं संपतं. आधी ते सगळं धुऱ्यावर जायचं. तिथे घाणेरीला फूल असायचं, तरवडाला असायचं, मग पळस यायचा, मग हिवर. वर्षाचा एकही महिना असा नव्हता की धुऱ्यावर काहीच फुललेलं नाही. बहार आला की तीच फौज पुन्हा बागेत उतरायची. हे आता मी सांगू शकतो. तेव्हा धुरा गेला, म्हणजे ताणाच्या दिवसांत त्यांना जायला जागाच राहिली नाही.

दुसऱ्या वर्षी काळी माशी आली. ती पानाच्या मागच्या बाजूला बसते, रस पिते, आणि तिच्या चिकट घाणीवर काळी बुरशी चढते. पानं, फांद्या, फळं, सगळं चुलीच्या धुरात ठेवल्यासारखं होतं. आमच्याकडे त्याला कोळशी म्हणतात. कोळशी पूर्वीही यायची. दोन-चार झाडं काळी व्हायची, माशीची पिल्लं खाणारे ढालकिडे आणि कोळी आपलं काम करायचे आणि पुढच्या नवतीला, म्हणजे नव्या पालवीला, पानं हिरवी यायची. या वेळी ती थांबली नाही. दादाने फवारा मारला. दुकानदाराने सांगितलं म्हणून दुसरा मारला, मग तिसरा, जास्त जालीम. उरलेसुरले ढालकिडे त्यात गेले. माशी मात्र महिन्याभरात परत आली.

तिसऱ्या पावसाळ्यात तीन दिवस झड लागली आणि नाला फुगला. नाला पूर्वीही फुगायचा, पण काठ धरून ठेवायला मुळं होती. या वेळी काठाची माती ढेकळाढेकळाने गळून पडली आणि पाणी बागेत आलं. नवीन दोन रांगा वाहूनच गेल्या. बाकीच्या बागेत आठवडाभर चिखल राहिला. आधीच कोळशीने थकलेली झाडं, त्यात मुळाशी पाणी. दिवाळीपर्यंत खोडांवर डिंकाचे थेंब दिसायला लागले. डिंक्या म्हणतात त्याला. साल कुजते आणि झाड आतून मरतं.

दिवाळीत गेलो तेव्हा दादा एका झाडाखाली बसून चाकूने सडकी साल खरवडत होता. बाजूला बोर्डो मलमाचा डबा. मला पाहून त्याने चाकू खाली ठेवला नाही.

"माह्यानंच पाणी जास्त देल्ल्या गेलं असंन," तो म्हणाला. "ताण बी बरोबर बसला नाही यंदा. पह्यले हाताले समजे. आता नाही समजून राहिलं."

मी म्हणालो, "होते दादा, कधी कधी."

याहून वाईट मी आयुष्यात काही बोललो नाही.

त्याच संध्याकाळी मी नाला ओलांडून पोस्टमनकाकांकडे गेलो होतो. त्यांच्या बागेतही कोळशी आलेली होती. पाणीही शिरलं होतं. आठ-दहा झाडं गेली होती, ती त्यांनी दाखवली. पण त्यांचा काठ जागेवर होता. उरलेल्या झाडांना नवी पालवी फुटली होती आणि ती हिरवी होती. मी एक पान उलटून पाहिलं. मागे ढालकिड्याच्या अळ्या होत्या, काळ्या माशीची पिल्लं खात होत्या. पुस्तकातल्या चित्रात असतात अगदी तशा. काकांचं वावर वीतभर उंच असेल, त्यांनी फवारेही कमी मारले होते, हे मला मान्य आहे. सगळं एका धुऱ्यावर ढकलता येणार नाही. पण नाला तोच, पाऊस तोच, माशी तीच. एक बाग मार खाऊन उठत होती आणि एक उठत नव्हती. कारण मला तिथल्या तिथे कळलं. हातात पान धरून मी उभा होतो.

"काय शोधून राहिले सर?" काकांनी विचारलं.

"काही नाही," म्हणालो.

परत आलो तेव्हा दादा अजून तिथेच बसलेला होता. तेव्हा बोललो असतो तर? बोललो नाही. मी मनाशी म्हणत राहिलो की आता सांगून काय उपयोग, त्याला उगाच त्रास, रोपवाटिकेची रोपंच कमजोर असतील, हवामानच बदललं आहे. दादाने आयुष्यात एकदा माझ्या शिक्षणावर भरवसा ठेवला होता. तो मोडताना मला त्याच्या डोळ्यांत पाहायचं नव्हतं. म्हणून मी त्याचा स्वतःच्या हातावरचा भरवसा मोडू दिला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने बाग तोडली. निम्मी झाडं तेव्हा उभी होती. करवतीचं मशीन आणलं, दोन दिवस लागले. मी सुट्टी काढून गेलो नाही. वावर बटईने, निम्म्या वाट्यावर, दुसऱ्याला दिलं आणि दादा-वहिनी अकोल्याला मुलाकडे राहायला गेले, जठारपेठेत. वावरात आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोयाबीन असतं.

या वर्षी एप्रिलात क्लासमध्ये सीईटीच्या उजळणीत तोच पाठ शिकवताना एका मुलीने हात वर केला. ती दर्यापूरकडची. म्हणाली, "सर, सावरते म्हणजे पहिल्यासारखं होते का? अन् नाही झालं तं?" मी म्हणालो, "परीक्षेत एवढं विचारत नाहीत." ती खाली बसली. रविवारी मी अकोल्याची बस धरली.

दादा तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पंख्याखाली बसला होता. वहिनी ताटात तुरीची डाळ निवडत होत्या. इकडचं-तिकडचं झालं. मग मी म्हणालो, "दादा, बाग तुझ्या पाण्यानं नाही गेली."

"मंग कायनं गेली?"

सांगितलं. धुरा, माशी, काठ, काकांची बाग, पानाच्या मागच्या अळ्या. वहिनींचे हात थांबले. माझं संपल्यावर त्याने विचारलं, "कवा समजलं तुले हे?"

"त्याच दिवाळीत."

"मी साल खरवडत होतो तवा?"

"हो."

"अन् बाग मी तोडली उन्हाळ्यात."

"हो."

"म्हणजे पाच-सहा महिने तुले मालूम होतं."

मी मान हलवली.

दादा म्हणाला, पण आवाज चढवला नाही. "अर्धी बाग उभी होती रे तवा. फवारा बंद केला असता. काठानं निर्गुडीच्या काड्या खोसल्या असत्या, बोर-हिवर तं आपोआप येते. दोन पावसाळे काढले असते मी. झाडं मेली म्हणून नाही तोडली मी. माहा हात बिघडला म्हणून तोडली. काहून नाही सांगतलं?"



वहिनी डाळीकडे पाहत म्हणाल्या, "इथं येऊन वर्षभर रोज जेवताना हाताकडं पाहत, भाऊजी. म्या म्हणो, दुखते का हात? तं म्हणत, नाही."

"चुकलो दादा. माफ कर मला."

"माफीबिफी राहू दे," दादा म्हणाला. "त्या सहा जणायले सांगतलं का?"

"कोणाला?"

"तुह्यं पाहून ज्यायनं धुरे काढले, त्यायले. त्यायच्या बागा हायेत ना अजून?"

"आहेत. चार जणांच्या आहेत."

"सांगतलं?"

"नाही."

"मंग पह्यले इथं कायले आला?"

त्या दिवशी वहिनींनी जेवायला वाढलं.

पुढचे दोन रविवार मी नाल्याच्या काठाने घरोघर फिरलो. कोणी चिडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पहिल्याने खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि हसला. "सर, तवा तुमी म्हणे का किडीचं घर हाये. आता म्हणता किडीच्या दुश्मनाचं घर हाये. पुढच्या साली काय म्हणान?" दुसरा म्हणाला, आता उपयोग नाही, तो बाग काढणारच आहे. दोघांनी काठावर तणनाशक मारणं बंद करतो म्हटलं, त्यातल्या एकावर माझा विश्वास आहे. बाग नसलेल्या दोघांनी ऐकून घेतलं. पोस्टमनकाकांनी निर्गुडीच्या काड्या देईन म्हटलं, पाऊस पडल्यावर.

दादाला फोन करून सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अन् आपला?"

आपला धुरा. तो माझ्या डोक्यातच नव्हता. दुसऱ्या दिवशी बटईवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काळजी नका करू सर. मागच्याच हप्त्यात मारलं औषध. एक काडी नाही ठेवली. तुमीच तं सांगतलं होतं, धुरा साफ ठेवजा म्हणून."

हेही मी दादाला सांगितलं. या वेळी लपवलं नाही. तो म्हणाला, "त्याले म्हण, आता हात लावू नको धुऱ्याले. मी येतो. मीच पाहतो काय करायचं ते."

त्याला चार रविवार झाले. दर रविवारी मी सकाळी वावरात जाऊन थांबतो. दादा अजून आलेला नाही. वहिनी फोनवर सांगतात, की ते पिशवी भरून निघतात, बसस्टँडपर्यंत जातात आणि तासाभराने घरी परत येतात.